बॉनेटवरची पाच बोटं

बायकोचं वर्षश्राद्ध उरकून आठ-दहा दिवस झाले होते. थंडी चांगली पडली होती. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलो तर अंगणातल्या गाडीवर दव साचलेलं, सगळं बॉनेट पांढुरकं झालेलं आणि त्यात पाच काळपट डाग. बाकी सगळीकडं दवाचे बारीक थेंब उभे होते, या पाच जागी मात्र पाणी पसरून पत्र्यात मुरत होतं. जवळ गेलो. गंज होता. चार डाग कमानीत, पाचवा डावीकडं जरा खाली. प्रत्येक डाग बोटाच्या टोकाएवढा. पिशवी हातात धरून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. शेवटी शेजारच्या वहिनींनी कंपाउंडवरून विचारलं, "काय झालं भाऊ, चाक बसलं का?"

चाक बसलं नव्हतं, मीच मटकन खाली बसायच्या बेतात होतो. कारण ती जागा मला माहीत होती.

दर दसऱ्याला गाडीची पूजा बायको करायची. लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. हिची रीत वेगळी. ती शेतकऱ्याघरची, सिल्लोडच्या बाजूची. माहेरी पोळ्याला बैलांच्या पाठीवर रंगाचे पंजे उठवायचे, तीच रीत तिनं गाडीवर आणली होती. ताटलीत कुंकू कालवायची, उजव्या हाताची पाची बोटं त्यात बुडवायची आणि बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बरोबर समोर दाबायची. "तुमच्या डोळ्यांपुढं राहू द्या," म्हणायची. ती गेल्यानंतरच्या दसऱ्याला वर्ष भरायचं होतं म्हणून मी गाडीला साधा हारही घातला नव्हता. आणि आता कुणी हात लावलेला नसताना त्याच जागी तशीच पाच बोटं उठली होती.

मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला तीस वर्षं काढली. समोर आलेल्या पार्टवर ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पाडायचा, डाग दिसला की लाल खडूनं फुली मारायची आणि ज्याचं काम असेल त्याला बोलावून घ्यायचं. माझ्या हाताखालची पोरं मला काय म्हणायची ते मला माहीत होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. घरीही मी तसाच. फडताळावरून बोट फिरवून धूळ बघायची, पोळीला तीळभर जास्त डाग पडला तर ती बाजूला ठेवायची. डोळा एकदा तसा झाला की झाला. तो काही कंपनीच्या गेटवर जमा करून घरी येता येत नाही.

असा मी, आणि मी त्या गंजाच्या पाच डागांवर हात ठेवून बघितला. माझी बोटं जाडी, पंजा मोठा. बोटं बसली नाहीत. तिची बसली असती.

त्या दिवसापासून गाडी चालवणं बदललं. जालना रोडला सिग्नलला थांबलो की काचेतून समोर ती पाच बोटं. उन्हात ती विटकरी दिसायची, संध्याकाळी पार काळी. गंगापूरला एका लग्नाला एकटाच निघालो होतो, वाटेत एक उसाची ट्रॉली अचानक वळली आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती ट्रॉलीपासून वीतभरावर. तेव्हा मला वाटलं, नाही, वाटलं नाही, मला अगदी दिसलं की पुढून कुणीतरी बॉनेटला हात लावून गाडी रोखली आहे. मी काच खाली केली आणि मोठ्यानं म्हणालो, "अगं, बघितलंय मी, बघितलंय." शेजारून मोटरसायकलवरून जाणारा माणूस वळून वळून बघत गेला.

मग बोलायची सवयच लागली. भाजी महाग झाली, गुडघा दुखतोय, लेकीचा फोन आला नाही, जे असेल ते. घरात तिच्या फोटोशी मला कधी बोलता आलं नाही, तो फोटो लग्नातला होता आणि त्यातली मुलगी माझ्या फारशी ओळखीची नव्हती. बॉनेटशी बोलता यायचं. भीती वाटायची का? वाटायची. पहाटे दवात ती बोटं आदल्या दिवसापेक्षा गडद दिसली की मी जवळ न जाता दारातूनच परत फिरायचो. पण ती नसती दिसली तर जास्त भीती वाटली असती. सबंध घरात ती कुठंच येत नव्हती. स्वयंपाकघरात नाही, देवापाशी नाही, स्वप्नातसुद्धा नाही. आली होती ती फक्त इथं.

मात्र डोळा क्वालिटीचा. गंज बघून हात शिवशिवायचेच. दोनदा मी टचअपची बाटली आणली. गाडी मरून रंगाची, त्याच शेडची बाटली मिळते. छोट्या ब्रशनं पाची डागांवर रंग लावला आणि लावताना मनात "माफ कर" म्हणालो. दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत रंगाला फोड आले, फोड फुटले आणि बोटं परत वर आली. खरं तर यात नवल काही नव्हतं. गंज खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय वरून रंग फासला तर असंच होणार, हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. पण स्वतःच्या गाडीवर ते खरवडायला माझा हात धजला नाही. आणि ती परत आली की मला बरं वाटायचं.

असं वर्षभर चाललं. मधेच मी रिटायर झालो. मग गाडीची पंधरा वर्षं भरत आली आणि कागद नव्यानं करायची वेळ आली. गाडी तपासणीला न्यावी लागते. आरटीओच्या कामाला एक एजंट गाठला, त्यानं गाडीभोवती चक्कर मारली आणि बॉनेटवर टकटक करून सांगितलं, "काका, बाकी झकास आहे, एवढं तेवढं करून आणा. उगीच प्रश्न नको." मुलगी म्हणत होती, विकून टाका पप्पा, रिक्षा, ओला काय हवं ते आहे. विकायचा प्रश्नच नव्हता. गाडी ठेवायची तर बोटं पुसावी लागणार होती, आणि बोटं पुसली तर गाडी ठेवून करायचं काय, हे मला कळत नव्हतं. आठ दिवस मी नीट जेवलो नाही.

शेवटी चिकलठाण्याकडं एक म्हातारे पेंटर आहेत, त्यांच्याकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. एकटेच काम करतात, एका वेळी एकच गाडी घेतात. पत्रा तपासताना डोळे मिटून घेतात आणि नुसता तळहात फिरवतात. मी आयुष्यभर उजेडात दोष शोधले, हे अंधारात शोधणारे, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, पाची डागांवर थांबला, पुन्हा फिरवला.

"साहेब, हे दगड उडून झालेलं नाय," ते म्हणाले. "दगड असे लायनीत नाय बसत."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. आणि का कुणास ठाऊक, अनोळखी माणसाला मी सगळं सांगून टाकलं. दसरा, कुंकू, पोळ्याचे बैल, वर्षश्राद्ध, दव.  चाचांनी ऐकून घेतलं, मान हलवली, हसले नाहीत. "कर देता हूँ, साहेब. आरामात करू. तुम्हाला बघवत नसंल तर चहा पिऊन या," म्हणाले. मी गेलो नाही. मी मोबाइलवर डागांचा फोटो काढून घेतला आणि शेजारीच स्टुलावर बसलो.

त्यांनी आधी बॉनेट धुतलं. मग एका फडक्यावर थिनर घेऊन पहिल्या डागावर फिरवला. फडकं मरून झालं. त्यांनी फडक्याकडं बघितलं, पुन्हा थिनर घेतला, पुन्हा फिरवला. अजून मरून.

"ये क्या है," ते स्वतःशीच म्हणाले.

"काय झालं?"

"गाडीचा कलर थिनरनं असा सुटत नाय, साहेब. कंपनीत भट्टीत भाजलेला असतो तो. हे वरून लावलंय कुणीतरी."

"मीच लावलंय. टचअप. दोनदा."

"हौ, ते वरलं तुमचं. पातळ हाय. मी खालचं म्हणतोय." त्यांनी नखानं डागाच्या कडेचा एक तुकडा उचलला. तो चांगला जाड होता, बांगडीच्या काचेच्या कपचीएवढा. त्यांनी तो थिनरच्या थेंबात मळला, नाकापाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं. "नेलपॉलिश हाय हे. माझ्या सुना लावतात, वास वळखतो मी. लई थर हायेत. एक सुकला का दुसरा, असं कैक वर्षं लावत राहावं तेव्हा एवढं जाड होतं."

मी म्हणालो, असं कसं असेल. चाचांनी फडकं बाजूला ठेवलं. पॉलिशपेपर पाण्यात बुडवला आणि घासायला घेतलं. वरचा रंग गेला, गंजाचं तांबडं पाणी वाहिलं, आणि हळूहळू खाली पत्रा पांढरा दिसायला लागला. पाण्यानं धुऊन त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आता हे बघा. तुमाला तर समजंल, तुमी कंपनीतले."

मला समजलं. बघताक्षणी समजलं. गंज गेला होता तरी पत्र्यावर ओरखडे होते, बारीक, गोल गोल, एकावर एक. कडेच्या मूळ रंगातही तेच गोल ओरखडे आत शिरलेले होते. असले ओरखडे एकाच गोष्टीनं पडतात. भांडी घासायची तारेची घासणी.

"कुणीतरी लई जोर लावून घासलंय," चाचा म्हणाले. "कुंकू वाळलं का निघत नाय लवकर. घासता घासता कलर गेला, पत्रा लागला. मग झाकलं असंल." त्यांनी नवा पेपर दुमडून हातात घेतला आणि अगदी सहज म्हणाले, "बिचारी घाबरली असंल."

ते दुसऱ्या डागाकडं वळले. मी तिथंच उभा राहिलो आणि मला ती सकाळ आठवली.

गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी कंपनीत बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि त्यांना दौलताबाद दाखवायला मी माझ्या गाडीतून नेणार होतो, तसं मी साहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. कंपनीच्या बसला निघताना माझं बॉनेटकडं लक्ष गेलं. पाच बोटं, कुंकवाचे ओघळ खाली आलेले, वाळून घट्ट झालेले. मी तिला बाहेर बोलावलं. "ही बैलगाडी आहे का? संध्याकाळी मला या गाडीवर एक डाग दिसता कामा नये," असं म्हणालो आणि बस गाठली. एवढंच. माझ्या हिशोबानं एवढंच. अशी वाक्यं मी दिवसात दहा बोलायचो.

संध्याकाळी आलो तर बॉनेट चकचकीत. मी खूश होऊन म्हणालो, "बघ, मनावर घेतलं की होतं की नाही?" ती हसली होती. ते हसू मला आठवतं. त्यानंतर तिनं गाडी पुसणाऱ्या माणसाला बंद केलं आणि गाडी स्वतःच धुवायला लागली. पुढच्या दसऱ्यांनाही बोटं उठवायची, पण कुंकू वाळायच्या आत स्वतःच पुसून टाकायची. बॉनेटला माझा हातही लागू द्यायची नाही. मी चार लोकांत कौतुकानं सांगायचो की आमच्या हिचा गाडीवर फार जीव आहे.

तेरा वर्षं. तीळभर डागासाठी पोळी बाजूला ठेवणारा मी त्या बॉनेटमागं बसत राहिलो आणि मला नेलपॉलिश दिसलं नाही. ती गेली, थर चढवणारं कुणी राहिलं नाही, एक पावसाळा गेला आणि खालचा गंज वर आला. वर्षभर मी ज्याच्याशी बोलत होतो, ते हे होतं. ती मला राखायला आली आहे असं मी समजत होतो, आणि ती तर माझ्यापासून लपत होती.

चाचांचं काम चालू होतं. प्रायमरला वाळायला वेळ लागणार होता. मी रिक्षा केली आणि गारखेड्याला मुलीकडं गेलो. मला दुसरं काही नको होतं. एवढंच हवं होतं की कुणीतरी सांगावं, ती मला भीत नव्हती.

मुलगी घरी एकटीच होती, जावई ऑफिसला. अवेळी आलेला बघून ती दचकली. "काय झालं पप्पा? बीपी वाढलं का?" मी म्हणालो, पाणी दे आधी. मग मोबाइलमधला फोटो तिच्यापुढं धरला.

"हे कशाचे डाग आहेत, माहीत आहे तुला?"

तिनं फोटो बघितला. एक क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला उत्तर मिळालं होतं.

"नेलपॉलिश निघालं खालून," मी म्हणालो.

ती खुर्चीत बसली. पदर नव्हता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मीच गेले होते आईबरोबर आणायला," ती म्हणाली. "सातवीत होते तेव्हा. शाळेतून आले तर आई गाडीपुढं बसून रडत होती. घासणी हातातच. मला म्हणाली, आता काय करू गं. मग शिलाईचा डबा काढला आणि दोऱ्याची एकेक रीळ बॉनेटला लावून बघितली. ज्या रिळेचा रंग जुळला ती रुमालात बांधून आम्ही गुलमंडीला गेलो. मॅचिंगला जातात तसं. दुकानदार म्हणाला, ताई, हा रंग तुमच्या हाताला शोभणार नाही. आई म्हणाली, शोभू दे नाहीतर नको, हाच द्या."

मला हसूही आलं आणि रडूही. "एवढं कशाला करायचं? सांगायचं ना मला. मी काय मारलं असतं का तिला? एक वाक्य बोललो होतो मी."

"तुम्ही बादली लाथाडली होती, पप्पा."

"मी?"

"भरलेली होती. पायरीवर मी वेणी घालत बसले होते. माझा युनिफॉर्म भिजला. ओलाच घालून गेले शाळेत."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. ती खोटं बोलत नव्हती, हेही मला कळत होतं. मी विचारलं, "आणखी कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच," ती म्हणाली. "मावशीला. आजीला. भांडीवाल्या काकूंना. आपल्या घरात पप्पांना काय सांगायचं नाही, ते सगळ्यांना माहीत असायचं." तिनं हे भांडल्यासारखं म्हटलं नाही. कपडे वाळत कुठं घालायचे हे सांगावं तसं सांगितलं.

 आणि मग डोक्यात जे नको होतं तेच आलं. ती गेली तेव्हा माझ्या रिटायरमेंटआधीचं शेवटचं मोठं ऑडिट चालू होतं. चार दिवस मी घरी फक्त झोपायला येत होतो. चौथ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी सगळ्यांना सांगत आलो होतो की अचानक गेली, कसलीच कुरकुर नव्हती. दोन वर्षं सांगत होतो. लोक म्हणायचे, पुण्यवान होती, त्रास झाला नाही.

"तिला आधी दुखत होतं का?" मी विचारलं.

मुलगी उठली, ओट्याकडं गेली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "तीन दिवस. डावा हात आणि इथं पाठीत. मला फोनवर म्हणाली होती."

"मग?"

"मी म्हटलं, पप्पांना सांग. ती म्हणाली, ऑडिट चाललंय, आता डोकं तापलेलं असतं त्यांचं. झालं की सांगते." तिनं गॅस बारीक केला. "मी तुम्हाला फोन लावायला घेतला होता पप्पा. दोनदा. नाही लावला. मला वाटलं तुम्ही तिच्यावरच ओरडाल. मी पण भ्याले. मला पण माफ करा."

लेक माझी माफी मागत होती. उलट्या पायांनी जग चालावं तसं वाटलं मला. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती शहारली, क्षणभरच, आणि मग उभी राहिली. तो शहारा माझ्या तळहाताला लागला. चाचांसारखे डोळे मिटायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "माफी तू नको मागू. चुकलं ते माझं. मी ऐकलं असतं गं. मी ओरडलो असतो, पण दवाखान्यात नेलं असतं." हे बोलताना मला कळत होतं की या वाक्याचा आता काही उपयोग नाही. ओरडलो असतो हे मी स्वतःच कबूल करत होतो आणि तेवढ्यासाठीच ती गप्प बसली होती.

चहा झाला. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. चाचांचा फोन आला, रंगाची शेड बघायला येता का म्हणून. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला बरोबर वाटेल ती करा, मला बघायची नाही. मुलीनं हे ऐकून आश्चर्यानं माझ्याकडं बघितलं. मी कुठलीही शेड न बघता पास केल्याचं तिनं जन्मात बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, हे मला त्याच वेळी दिसलं. अंगावर घरचा जुना ड्रेस, गळ्याजवळ उसवलेला. फ्रिजवर जावयाचा आणि तिचा हसरा फोटो. मला सगळं एकदम दिसायला लागलं, आणि त्यातलं काय खरं दिसतंय आणि काय मी आता भीतीनं बघतोय, ते मला ठरवता येईना.

मी आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला. "एक विचारू? आत्ता, या घडीला, तू माझ्यापासून काही लपवते आहेस का? काहीही असू दे. मी ओरडणार नाही. शप्पत."

 आधी तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, कपाळाकडं, मग ओठांकडं, मग टेबलावरच्या माझ्या हातांकडं, हाताची मूठ तर झाली नाही ना हे बघावं तसं. तिची आई दारात उभी राहून माझी बॅग घेताना असंच बघायची. मला वाटायचं, दमलोय का ते बघतेय.

"नाही पप्पा," ती म्हणाली आणि हसली. "काही नाही. सगळं ठीक आहे. चहा घ्या, गार होतोय."

हेच वाक्य, याच आवाजात, पंचवीस वर्षं मी रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर ऐकलं होतं, आणि खरं मानून पोटभर जेवलो होतो.